एस्प्रेसो मशीन बिघडलं: घरीच उघडायचं, गावात दाखवायचं की पुण्याला धाडायचं?

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे घरात एस्प्रेसो मशीन असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मुलगा पुण्याहून घरून काम करायला परत येतो आणि सामानात मशीनही येतं. ऑनलाइन मागवलं तर चार दिवसांत दारात हजर होतं. ते बंद पडलं की मात्र कुठे न्यायचं, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. वाटा तीन आहेत: स्वतः उघडणं, गावातल्या मेकॅनिकला दाखवणं, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवणं. माझं मत आधीच सांगतो. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच. ती संपली असेल तर पाण्याचा बिघाड घरी, विजेचा गावात आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा असेल तरच पार्सल.

म्हणून पहिलं काम बिघाड ओळखण्याचं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ आपल्या पाण्यात निघालं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. गिझरचा रॉड बाहेर काढून पाहिला असेल त्याला वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि मशीनच्या टाकीतही बोअरचं नाहीतर टँकरचं जातं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, कठीणपणा, म्हणजे पाणी जड करणाऱ्या क्षारांचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानतं आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. कॉफीसाठी स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने सुचवलेली मर्यादा 50 ते 175 आहे. म्हणजे आपल्या पोटाला चालणारं पाणी मशीनला चालेलच असं नाही. थर्मोब्लॉकमधली, म्हणजे पाणी वाहता वाहता तापवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यातली, पाण्याची वाट काही मिलिमीटरचीच असते, तिथे क्षाराचा पातळ थरही पुरे होतो.

धार बारीक झाली, पंपाचा आवाज जड झाला, वाफ मरगळली, तर क्षार समजा. पंप नुसता घरघरतो आणि पाणी येत नाही, आणि आदल्या दिवशी टाकी कोरडी पडली होती, तर आत हवा अडकलीय. टाकी भरून वाफेच्या नळीची कळ उघडी ठेवा आणि पंप थोडा थोडा चालवा. असले पंप सलग मिनिट-दोन मिनिटांवर चालवायचे नसतात, मध्ये थांबा घ्या. पूड भरून लावायच्या हँडलच्या कडेने पाणी गळतंय तर गॅस्केट, म्हणजे तिथली रबरी रिंग, गेलीय. आणि कॉफी भसकन पडते, वर साय धरत नाही, तर मशीनला हात लावण्याआधी पूड बघा. जाड दळलेली किंवा शिळी पूड असेल तर कुठलाच मेकॅनिक काही करू शकणार नाही.

घरी करण्यासारखं

क्षार काढण्यासाठी कुणाकडेही जायची गरज नाही. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिड एक लिटर पाण्याला 20 ते 25 ग्रॅम पुरतं. जास्त घातलं की जास्त साफ होईल असं वाटतं, पण फार तीव्र द्रावण तापलं तर आतच वेगळा साका धरतो आणि काम वाढतं. अर्धं द्रावण हळूहळू आतून आणि वाफेच्या नळीतून जाऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं मशीन बंद ठेवा, मग उरलेलं काढा आणि शेवटी स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण वाहू द्या. व्हिनेगर टाळा, त्याचा वास रबरात मुरतो. आतला बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर द्रावण तासन् तास आत ठेवू नका, कंपनीचंच औषध वापरा. ही औषधं बऱ्याचदा लॅक्टिक ॲसिडची असतात आणि धातूला सौम्य पडतात.

एक धोका मात्र खरा आहे. वर्षानुवर्षं साफ न केलेल्या मशीनमध्ये ॲसिड गेलं की पापुद्रे सुटतात आणि पुढच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. थेंबथेंब येणारं पाणीही मग बंद होतं. अशा मशीनला अर्ध्या ताकदीचं द्रावण दोन-तीनदा द्या, एकदाच सगळं उरकायला जाऊ नका.

गॅस्केट बदलणंही घरचंच काम. प्लग काढून मशीन पूर्ण गार होऊ द्या. खालून बघितलं की जाळी दिसते, तिचा मधला स्क्रू सोडला की जाळी हातात येते. मागे कॉफीचा काळा चिकट थर असतो, तो ब्रशने घासून काढा. जुनं गॅस्केट कडक होऊन खाचेत रुतलेलं असतं. ते बोथट हत्याराने उचकू नका. बारीक टोच्या त्यात भोसकून गोल फिरत थोडं थोडं वर घ्या, तुकड्यांत निघालं तरी चालेल, पण खाचेच्या धातूला ओरखडा नको. नवं घेताना जाडी मोजा. 8 मिमी आणि 8.5 मिमी यात दिसायला फरक नाही, पण हँडल घट्ट बसणार की गळणार ते त्या अर्ध्या मिलिमीटरवर ठरतं. डेलाँगी डेडिकाचं हँडल 51 मिमीचं, गॅगिया क्लासिकचं 58 मिमीचं, त्यामुळे मॉडेलचं नाव सांगितल्याशिवाय मागवूच नका.

जळगावात ड्रिप आणि पीव्हीसीचा धंदा मोठा, त्यामुळे रबरी रिंगा हव्या त्या मापाच्या मिळतात. मोह होतो, मापही जुळतं. पण दुकानातल्या काळ्या रिंगा बहुतेक नायट्राइल नावाच्या रबराच्या असतात. त्या तेलाला उत्तम, वाफेत टिकत नाहीत. सिलिकॉन किंवा ईपीडीएम या रबराची, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी चालणारी रिंग मागा. नसेल तर ऑनलाइन मागवून वाट बघा.

गावातला मेकॅनिक

या वाटेला लोक उगाच नाक मुरडतात. ‘त्याने हे मशीन कधी पाहिलंय का?’ असं विचारतात. पाहिलेलं नसेलही. पण मशीनच्या पोटात आहे काय? तापवणारा एलिमेंट, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, छोटा पंप, विजेवर उघडणारा-मिटणारा एखादा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि नळ्या. एलिमेंट-थर्मोस्टॅट गिझरवाल्याच्या रोजच्या हातातले. सोलेनॉइड आणि दाबून बसवायच्या नळ्या आरओवाल्याच्या ओळखीच्या. म्हणून ‘कॉफी मशीनवाला’ शोधत बसू नका, बिघाडाप्रमाणे माणूस शोधा. गोलाणी मार्केटमध्ये बोर्डावरचा एखादा जळका रिले बदलणारे कारागीर भेटतात. भुसावळकडे लोको शेड, दीपनगरचं वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी इथून निवृत्त झालेले फिटर आहेत. वाफ आणि दाब यांच्याशी ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना छोट्या बॉयलरचं भय नसतं. असा कुणी ओळखीत असेल तर त्याला काका म्हणा, चहा पाजा आणि मशीन दाखवा.

या वाटेचे फायदे सरळ आहेत. माणूस समोर असतो, बिघाड तुमच्या देखत उघडतो, वाहतुकीचा खर्च नाही आणि काम बिनसलं तर परत जाता येतं. अडचण सुट्या भागांची. त्यासाठी जुना भाग काढून त्यावरचा नंबर टिपा आणि भाग स्वतः मागवा. घरगुती मशीनमध्ये इटलीच्या उल्का कंपनीचे पंप पुष्कळ सापडतात, मॉडेल पंपावरच छापलेलं असतं. फक्त 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा आहे ना ते बघा. अमेरिकेसाठीचा 120 व्होल्टचा पंप दिसायला सारखाच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन तापत नसेल तर पुष्कळदा थर्मल फ्यूज गेलेला असतो. तो मिळायला वेळ लागतो आणि मग मेकॅनिक अगदी मायेने म्हणतो, ‘भाऊ, डायरेक्ट करून देतो, काही होत नाही.’ हे कधीही मान्य करू नका. थर्मोस्टॅट चिकटला तर एलिमेंट तापतच राहतो, त्या वेळी वीज तोडणारी शेवटची वस्तू हा फ्यूज असतो. तो काढून तार जोडली की कोरड्या बॉयलरला थांबवणारं काहीच उरत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी असं डायरेक्ट केलेलं मशीन ओट्यावर वितळलं. सकाळची वेळ होती, माणसं जागी होती म्हणून निभावलं. आणखी एक: नवा फ्यूज झाळकामाने (सोल्डरिंगने) बसवू नये, कारण झाळण्याच्या उष्णतेनेच तो आतून उडतो. तो क्लिपने दाबून जोडायचा असतो. तुमचा मेकॅनिक हे न सांगता करत असेल तर माणूस पक्का.

एलिमेंट तपासताना शेजारी उभे राहा. 1300 वॅटच्या एलिमेंटचा रोध मल्टिमीटरवर साधारण 40 ओहम यायला हवा, आणि एलिमेंट ते मशीनचं अंग यांत जोड दिसता कामा नये. मशीन लावलं की घरातलं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण, पडत असेल तर बहुधा हीच गळती असते. तेव्हा अर्थिंगची पिन तोडून वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर मशीन उचला आणि घरी या.

कंपनी आणि पार्सल

वॉरंटी असेल तर आतला स्क्रूही फिरवू नका. सर्व्हिस सेंटरला फोन करून आपला पिनकोड सांगा. घरी न्यायला माणूस येतो का, जाण्यायेण्याचा खर्च कुणाचा, दुरुस्ती नको म्हटलं तर तपासणीचे पैसे किती, आणि भाग आत्ता शिल्लक आहे का, एवढं विचारून उत्तर ईमेलवर मागा. धुळेकरांना मुंबई–आग्रा महामार्गाने नाशिक जवळ, तिथे सेंटर असेल तर स्वतः नेऊन जॉब कार्ड घेणं उत्तम. जळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पाठवून तिथल्या नातेवाइकाकडून पोहोचवण्याचा मार्गही चालतो, पण त्यात नुकसान झालं तर भरपाई मागायला कागद नसतो. महागड्या मशीनला विमा उतरवलेलं कुरिअरच बरं.

पॅक करताना आतलं पाणी संपूर्ण काढा, राहिलं तर वाटेत बोर्डावर उतरतं. टाकी, ट्रे आणि हँडल वेगळे गुंडाळा. सीरियल नंबर आणि चालू अवस्थेतला व्हिडिओ काढून ठेवा.

वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात दाद मागता येते, पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

वॉरंटीबाहेर मात्र मी कंपनीकडे फक्त बोर्डाच्या बिघाडासाठी पाठवीन, तेही मशीन चांगल्या किमतीचं असेल तर. वाहतूक, तपासणी आणि भाग मिळून नव्या मशीनच्या निम्म्यावर आकडा गेला तर थांबतो. पंप नसलेली, नुसत्या वाफेच्या दाबावर चालणारी स्वस्त मशीनं तर त्या खर्चाला पात्रच नाहीत. त्यांचं गॅस्केट आणि झाकणाचा सुरक्षा व्हॉल्व्ह एवढंच बघावं, बॉयलर गळू लागला की भंगारात द्यावं.

नवं किंवा दुरुस्त झालेलं मशीन पुन्हा लावाल तेव्हा टाकीत आरओचं पाणी घाला, त्यात थोडं नळाचं मिसळून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 100 ते 150 च्या आसपास ठेवा. मीटर आरओवाल्याकडे असतोच. बोअरचं पाणी वापरणाऱ्याने दर महिन्याला क्षार काढावा, असं मिसळलेलं पाणी वापरणाऱ्याला तीन-चार महिन्यांनी पुरतं.