तीन दिवसांत येणारा ‘कस्टम’ बिझनेस लॅपटॉप: ३,६९,५७६ रुपये कसे अडकले

महापे एमआयडीसीतल्या आमच्या एका ग्राहक कंपनीच्या अकाउंट्स विभागासाठी आम्ही चार बिझनेस लॅपटॉप ऑनलाइन मागवले, ३,६९,५७६ रुपये भरून. आलेले लॅपटॉप चालू होतात, विंडोज उघडतं, टॅली चालतं. त्यामुळे ही फसवणूक आहे हेच कुणाला पटत नाही. बँकेला पटत नाही, पोलिसांनाही पटत नाही. पैसे घेऊन गायब होणाऱ्या साइट आणि खोक्यात निघणाऱ्या फरशा सगळ्यांना माहीत आहेत. इथे तसलं काही नाही. माल येतो, बिल येतं, बिलावर जीएसटी नंबर असतो. चोरी होते ती कॉन्फिगरेशनच्या पर्यायांत. ठाणे-नवी मुंबईतल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हाच आमचा धंदा, आणि तरी ग्राहकासमोर मान खाली घालायची वेळ आली. म्हणून हे आकड्यांसकट लिहितो आहोत.

विक्रेत्याच्या साइटवरच्या पानावर एका लॅपटॉपची मूळ किंमत होती ५२,९०० रुपये: आय५-१३३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २५० निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचं माप) स्क्रीन, विंडोज ११ होम, एक वर्षाची वॉरंटी. खाली प्रत्येक भागापुढे पर्याय आणि त्याचे जादा पैसे. आम्ही निवडलं ते असं: १६ जीबी रॅम, ८-८ च्या दोन पट्ट्या, ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणारी), ४,२०० रुपये. ५१२ जीबी जेन४ एसएसडी, ३,१००. विंडोज ११ प्रो, ६,४००. दिवसभर एक्सेलमध्ये डोळे घालून बसणाऱ्यांसाठी ४०० निट्सची, १०० टक्के एसआरजीबी रंग दाखवणारी स्क्रीन, ३,८००. तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी इंजिनिअर, ७,९००. एका लॅपटॉपचे झाले ७८,३००, चारांचे ३,१३,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५६,३७६. नुसत्या पर्यायांचेच, करासकट, १,१९,८८८ रुपये होतात. चोरी झाली ती या रकमेत.

एका लॅपटॉपचा टाइप-सी चार्जिंग पोर्ट ढिला निघाला आणि सगळं बाहेर आलं. बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिसला सीरियल नंबर दिला तर उत्तर आलं की या नंबरवर एकच वर्षाची वॉरंटी आहे, तीही कॅरी-इन, म्हणजे मशीन आपण उचलून सेंटरला न्यायचं. शिवाय ती आमच्या बिलाच्या सात आठवडे आधीच सुरू झालेली. मग आमच्याकडे असलेली तीन वर्षांची ऑनसाइट कुठली? ती विक्रेत्याने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेली एक पीडीएफ. त्या कागदाला कंपनीच्या लेखी काडीची किंमत नाही.

मग चारही मशीन तपासली. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. तिथे २ पैकी १. म्हणजे ८-८ च्या दोन ऐवजी १६ ची एकच पट्टी. १६ म्हणजे १६, फरक काय पडतो, असं विक्रेता आजही फोनवर म्हणतो. फरक डिव्हाइस मॅनेजरमध्येच लिहिलेला असतो. या प्रोसेसरचं आयरिस एक्सई ग्राफिक्स ड्युअल चॅनेल मेमरीवरच त्या नावाने चालतं. एकाच पट्टीवर विंडोज त्याला नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणतं, आणि ग्राफिक्सला मेमरीचा वेग निम्माच मिळतो. दोन बाहेरचे मॉनिटर जोडले की ते डोळ्यांना जाणवतं. चारही मशीनवर यूएचडी.

स्क्रीनचं तर त्यांनी काहीच केलेलं नाही. रॅम आणि एसएसडी खालचं झाकण काढून बदलता येतात, स्क्रीनचं पॅनेल बदलायचं तर बेझल, म्हणजे भोवतीची चौकट, उतरवून सगळं सुटं करावं लागतं. तेवढा व्याप कशाला, पैसे घेतले की झालं. निट्स मोजायचं यंत्र ऑफिसात कुणाकडे नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण पॅनेलचा कोड लपत नाही: डिव्हाइस मॅनेजर, मॉनिटर्स, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे पॅनेल बनवणाऱ्याची तीन अक्षरं आणि पुढे कोड असतो. आमचा कोड निघाला मूळ मॉडेलच्या ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे कमी रंग दाखवणाऱ्या, २५० निट्सच्या पॅनेलचा.

विंडोजची लबाडी सगळ्यात घातक, कारण ती लगेच दिसत नाही. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज ११ प्रो, ॲक्टिव्हेटेड’ असंच दिसतं. डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सामायिक नेटवर्कला जोडलं, तेही बिनबोभाट जोडलं गेलं. पण विंडोज आणि आर ही बटणं दाबून येणाऱ्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-आय असं टाइप केलं की लायसन्सचा चॅनेल कळतो. कारखान्यातून प्रो घालून आलेल्या मशीनवर तिथे ‘ओईएम डीएम’ दिसायला हवं, दुकानातून रीतसर घेतलेल्या प्रोवर ‘रिटेल’. आमच्याकडे ‘व्हॉल्यूम एमएके’. हा परवाना मोठ्या संस्थांना त्यांच्या स्वतःच्या मशीनसाठी करारावर मिळतो. तो असा सुटा विकता येत नाही. मायक्रोसॉफ्टने ती की (परवान्याचा क्रमांक) बंद केली तर ॲक्टिव्हेशन जाऊ शकतं. उद्या विंडोज नव्याने टाकलं तर बायोसमधली मूळ की होमची असल्यामुळे होमच बसणार, आणि होम डोमेनला जोडता येत नाही. ६,४०० रुपये गुणिले चार, वर जीएसटी, आणि बदल्यात दुसऱ्याच संस्थेच्या नावाची की. ऑडिटमध्ये हे सापडलं तर उत्तर ग्राहकाला द्यावं लागेल, विक्रेत्याला नाही.

खोकी टाकली नव्हती, तेवढं बरं झालं. कंपनीच्या खोक्यावर एका बाजूला छापील लेबल असतं: पार्ट नंबर, सीरियल, रॅम, एसएसडी, विंडोजची आवृत्ती. चारही खोक्यांवर कुरियरचा पत्त्याचा कागद नेमका त्याच लेबलवर चिकटवलेला. हेअर ड्रायरची गरम हवा मारून तो हळूच सोडवला तर खाली स्वच्छ अक्षरांत ८ जीबी, २५६ जीबी, विंडोज ११ होम. खोक्याची चिकटपट्टीही दुहेरी: खाली कंपनीची कापलेली, वर साधी. खालच्या झाकणाच्या दोन स्क्रूंची डोकी घासलेली, बिजागरीजवळ प्लास्टिकवर पाना सरकवल्याचे ओरखडे. एसएसडीवरचं थर्मल पॅड नाहीच. मूळ एसएसडी आणि रॅम काढून वेगळे विकले असणार, आणि त्यांच्या जागी आलेल्या भागांवर कंपनीची वॉरंटी एक दिवसाचीही नाही.

आता ती जागा, जिथे हे कळायला हवं होतं. पर्याय निवडून झाल्यावर पानाच्या तळाशी ओळ होती: ‘ठाणे पिनकोडवर ३ कामकाजाच्या दिवसांत डिलिव्हरी’. पर्याय बदलले, स्क्रीन बदलली, रॅम बदलला, तरी ती ओळ तीनच दिवस दाखवत राहिली. कारखान्यात तुमच्या कॉन्फिगरेशनप्रमाणे बांधलेलं मशीन तीन दिवसांत ठाण्यात येऊच शकत नाही. त्याला आठवडे लागतात, दोन ते चार हा नेहमीचा अनुभव. तीन दिवसांत येतं ते गोदामात पडलेलं तयार मॉडेल. म्हणजे एक तर तुम्ही निवडलेलं कॉन्फिगरेशन नेमकं स्टॉकमध्ये हवं, नाहीतर कुणीतरी गोदामात झाकण उघडणार. ती एक ओळ सगळं सांगत होती. स्क्रीनशॉटमध्ये ती आजही दिसते आणि डोकं फिरतं.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगतो. स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी हुरळलं नव्हतं. भाव बाजारभावाच्या आसपासचा, पानावरचे शब्द कंपनीच्या स्पेसिफिकेशनमधून जसेच्या तसे उचललेले, प्रोसेसरचा नंबर पूर्ण दिलेला. तो नंबर बरेच विक्रेते दडवतात. नुसतं ‘आय५, १३वी पिढी’ लिहिलं असेल तर पुढे जाऊच नका: १३३५यू मध्ये दहा कोअर, त्यातले दोनच परफॉर्मन्सचे, आणि १३४०पी मध्ये बारा, त्यातले चार परफॉर्मन्सचे. दोन्ही आय५च. इथे तो नंबर खरा होता आणि मशीनमध्येही तोच निघाला. एक गोष्ट खरी दाखवून बाकीच्या खोट्या खपवल्या.

नव्हता तो पार्ट नंबर. प्रोफॉर्मावर, म्हणजे आगाऊ बिलावर, मॉडेलचं नाव आणि पुढे ‘ॲज पर सिलेक्टेड कॉन्फिगरेशन’, एवढंच. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक कॉन्फिगरेशनला स्वतःचा पार्ट नंबर किंवा ऑर्डर कोड असतो. तो लेखी मागा. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका. वॉरंटी विकत घेतली असेल तर डिलिव्हरीच्या दिवशी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून ती दिसते का बघा. दिसत नसेल तर ती घेतलेलीच नाही. आणि तीन वर्षांची वॉरंटी खरी असली तरी बॅटरीला सहसा एकच वर्ष असतं, ते वेगळं विचारा. ‘डब्ल्यूवॅन (मोबाइल नेटवर्कवरचं इंटरनेट) रेडी’ म्हणजे आत फक्त अँटेना, सिम चालवणारं मॉडेम कार्ड नाही. टाइप-सी पोर्ट किती आहेत एवढंच बघू नका, त्यातला कुठला चार्जिंग आणि डिस्प्ले दोन्ही देतो ते बघा.

पैसे एनईएफटीने गेले. क्रेडिट कार्डावर २ टक्के जादा लावले होते, म्हणजे ७,३९१ रुपये. ग्राहकाचे तेवढे वाचवले. ते दोन टक्के कशासाठी लावतात ते आता कळतं. कार्डावर माल वर्णनाप्रमाणे नाही म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. एनईएफटी गेली की गेली. बँकेत अर्ज दिला तर सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत, हा अधिकृत व्यवहार. ग्राहकाच्या जबाबदारीबद्दलचं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक अनधिकृत व्यवहारांपुरतं होतं हे आम्हालाही कळतं. पण समोरच्या खात्याच्या बँकेला एक पत्र पाठवायला काय हरकत होती? अर्जावर पोच द्यायलासुद्धा खळखळ केली.

पोलीस ठाण्यात तर पहिला प्रश्न, “साहेब, माल मिळालाय ना तुम्हाला?” मिळालाय म्हटलं की विषय संपला. दिवाणी वाद आहे, वकील बघा. रॅमच्या पट्ट्या, परवान्याचा चॅनेल, झाकलेलं लेबल, कुणी ऐकून घ्यायला तयार नाही. मग हद्दीचा घोळ: डिलिव्हरी महापेला, पैसे भरणारं ऑफिस ठाण्यात, विक्रेता परराज्यातला, तुम्ही तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्वच्छ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. ते दाखवलं तर उत्तर आलं, कायदा आम्हाला शिकवू नका. खोटं वर्णन करून पैसे काढणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची फसवणूक नाही तर काय आहे? नोंद नाकारली तर त्याच १७३ खाली माहिती लेखी, पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवता येते. तशी पाठवली आहे. माल आलाच नसेल, नुसते पैसे गेले असतील, तर यात वेळ घालवू नका, तडक १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा. तिथे मिनिटांना किंमत असते.

ग्राहक आयोगाचा रस्ताही सरळ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ‘ग्राहक’ची व्याख्या व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळते, स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, कंपनीच्या नावाने जीएसटी बिल घेतलं की समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेणार. आणि रक्कम तीन लाखांच्या वर म्हणून व्यावसायिक न्यायालय. तिथे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, आणि त्या मध्यस्थीला विक्रेता आलाच नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. छोट्या धंद्याने कर भरायचा, बिल मागायचं, सगळं नियमाने करायचं, आणि फसला की त्याला कुठलंच दार सरळ उघडत नाही. वकिलाने नोटीस मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ वर दिली आहे: वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. त्याच कायद्यात हेही आहे की वाजवी वेळेत माल नाकारला नाही तर तो स्वीकारला असं धरतात. म्हणून तपासणी पहिल्याच दिवशी करा, आणि फरक दिसला की त्याच दिवशी ईमेल. फोन नको.

जीएसटीचं वेगळंच. ५६,३७६ रुपयांचं क्रेडिट ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या तक्त्यात, दिसत नाही. विचारलं तर म्हणे, आम्ही तिमाही रिटर्न भरतो. जीएसटीच्या साइटवर विक्रेत्याचा नंबर टाकला की नाव, स्थिती आणि भरलेली रिटर्न विनालॉगिन दिसतात. साइटवरचं दुकानाचं नाव आणि बिलावरचं नाव वेगवेगळी आहेत हेही तिथेच दिसतं.

परवा विक्रेत्याचा मेल आला. चारही मशीनचे मिळून १८,००० रुपये ‘गुडविल’ म्हणून परत द्यायला तयार आहेत. अट एवढीच की तक्रारी मागे घ्यायच्या आणि माल ऑर्डरप्रमाणे मिळाला असं ग्राहक कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्यायचं. आम्ही नाही म्हटलं. असा मसुदा कुणाला आला तर सही करू नका, पैशांची कितीही निकड असली तरी. उद्या कोर्टात तोच कागद पहिला वाचला जाईल.