कॅन्सर बायोलॉजी आणि इम्युनिटीचा ऑनलाइन कोर्स: दुसरा भाग अजिबात सोडू नका

सगळी लेक्चर्स बघून, क्विझ देऊन झाल्यावरच हा रिव्ह्यू लिहितेय. माझं बायोलॉजी शाळेनंतर सुटलेलं, पण जवळच्या नात्यात एकांची इम्युनोथेरपी (शरीराच्या इम्युनिटीलाच कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार) सुरू झाली आणि डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जात होतं, म्हणून हा कोर्स घेतला. आधीच सांगते, कोर्स चांगला आहे, घ्या. पण दोन्ही भाग सारखे जमलेले नाहीत.

पहिला भाग कॅन्सर कसा होतो याचा. सुरुवात जुन्या प्रयोगांपासून केलीय ते मला फार आवडलं. 1911 मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क इतका बारीक गाळला की त्यात पेशी उरल्याच नाहीत, तरी तो टोचल्यावर दुसऱ्या कोंबडीला गाठ आली, म्हणजे कारण व्हायरस. त्यांना नोबेल मिळालं थेट 1966 मध्ये! आणि खरी कमाल पुढे आहे, बिशप आणि वार्मस यांनी दाखवलं की त्या व्हायरसमधला कॅन्सर घडवणारा जीन मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतला, व्हायरसने तो कधीतरी उचललेला. म्हणजे पेशी वाढवायचे जीन आपल्यात असतातच, ते बिघडले की ऑन्कोजीन होतात. यानंतर रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कॅन्सरवरून अल्फ्रेड नुडसन यांनी 1971 मध्ये मांडलेली टू-हिट कल्पना येते. वाढ थांबवणाऱ्या जीनच्या आपल्याकडे दोन कॉपी असतात आणि दोन्ही गेल्या तरच पेशी बेलगाम वाढत सुटते, पण काही मुलांमध्ये एक कॉपी जन्मतःच खराब असते म्हणून त्यांना हा कॅन्सर लवकर होतो आणि बरेचदा दोन्ही डोळ्यांत होतो. इतकं स्वच्छ समजावलंय की मी लगेच घरच्यांना सांगितलं. पी53, म्हणजे बिघडलेल्या पेशीची वाढ थांबवणारा जीन, त्याचं लेक्चरही छान, साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हा जीन बिघडलेला सापडतो आणि हत्तीकडे त्याच्या 20 च्या आसपास जोड्या आहेत हे ऐकून मी थक्क झाले.

पण मेटास्टॅसिस, म्हणजे कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरणं, एका छोट्या लेक्चरमध्ये उरकलंय, हे मला पटलं नाही. कॅन्सरचे बहुतेक मृत्यू तो पसरल्यामुळे होतात, मग पेशी गाठीतून सुटून रक्तात कशा शिरतात, लिव्हरमध्ये किंवा हाडांत जाऊन कशा रुजतात, यालाच सगळ्यात कमी वेळ का?

आता दुसरा भाग, इम्युनिटीचा. इथे शिकवणाऱ्या मॅडम वेगळ्या आहेत आणि त्यांना हा विषय मनापासून आवडतो हे ऐकतानाच कळतं. डेंड्रिटिक सेल ही इम्युनिटीची पहारेकरी पेशी गाठीतले तुकडे उचलून लिम्फ नोडमध्ये नेते, तिथे टी सेलला (इम्युनिटीच्या लढाऊ पेशीला) दाखवते, तो टी सेल शेकड्यांनी वाढून गाठीकडे येतो, कॅन्सरच्या पेशीला चिकटून परफोरिन नावाच्या प्रोटीनने भोक पाडतो आणि आत ग्रॅन्झाइम नावाची एन्झाइम सोडतो की पेशी स्वतःच मरायला लागते. गाठ यातून सुटायला आपल्या पृष्ठभागावरचं एमएचसीच (टी सेलला आतले तुकडे दाखवणारं प्रोटीन) लपवते, म्हणजे टी सेलला काही दिसतच नाही, पण मग नॅचरल किलर सेल नेमक्या अशाच एमएचसी नसलेल्या पेशींवर तुटून पडतात. हे दोनदा बघा, खरंच.

मला सगळ्यात जास्त पटला तो 2001 चा उंदरांवरचा प्रयोग. टी आणि बी सेल (इम्युनिटीच्या दोन मुख्य पेशी) नसलेल्या उंदरांत वाढलेल्या गाठी निरोगी उंदरांत लावल्या तर त्यातल्या बऱ्याच मारल्या गेल्या, आणि निरोगी उंदरांत वाढलेल्या गाठी लावल्या तर त्या मजेत वाढल्या. याचा अर्थ असा की इम्युनिटी गाठीशी लढता लढता सोप्या पेशी संपवते आणि ज्या चुकवायला शिकल्या त्याच मागे राहतात. आपल्याला गाठ सापडते तेव्हा ती या चाळणीतून पार झालेली असते. लोक सहज म्हणतात ना, इम्युनिटी कमी पडली म्हणून कॅन्सर झाला, ते ऐकून पेशंटला उगाच अपराधी वाटतं, असं म्हणणाऱ्यांना हे एक लेक्चर दाखवा!

तिथून चेकपॉइंटचा विषय येतो. टी सेलला स्वतःचेच ब्रेक असतात, सीटीएलए-4 आणि पीडी-1, नाहीतर तो आपल्याच शरीरावर उठेल. गाठ पीडी-एल1 नावाचं प्रोटीन दाखवून तोच ब्रेक दाबून ठेवते. अॅलिसन आणि होन्जो यांना 2018 चं नोबेल याच कामाला मिळालं, आणि सीटीएलए-4 वरचं पहिलं औषध 2011 मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी आलं. ही औषधं कॅन्सरला थेट मारत नाहीत, ब्रेक सोडवतात, हे कळल्यावर डॉक्टरांचं बोलणं एकदम समजायला लागलं. सगळ्यांना फायदा का होत नाही हेही नीट सांगितलंय, ज्या गाठीत म्युटेशन (जीनमधले बदल) जास्त तिथे टी सेलला ओळखायला परकं काहीतरी जास्त मिळतं, पण गाठीत टी सेल शिरलेच नसतील तर ब्रेक सोडून उपयोग काय.

मोठी तक्रार इथेच आहे. साइड इफेक्ट काही मिनिटांत संपवलेत. ब्रेक सगळीकडचा सुटतो, म्हणून आतडं, त्वचा, थायरॉइड, फुप्फुस, लिव्हर कुठेही सूज येऊ शकते आणि औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही येऊ शकते. घरच्यांना वाटतं पोट बिघडलंय, होईल बरं, आणि ते घरीच औषध देत बसतात, पण असे जुलाब किंवा नवा खोकला, धाप असेल तर लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करायला हवा, कारण वेळेत स्टेरॉइड दिले तर बरेचदा आटोक्यात येतं. यावर पूर्ण लेक्चर हवं होतं.

कार-टीचा, म्हणजे पेशंटचेच टी सेल बाहेर काढून कॅन्सर ओळखतील असे बदलून परत देण्याच्या उपचाराचा, भाग ठीक आहे, ब्लड कॅन्सरमध्ये जमलं आणि घट्ट गाठींमध्ये का अडतं एवढं कळतं. क्विझ मात्र निराश करतात, नुसती नावं आणि सालं विचारतात.

बायोलॉजी अगदीच विसरला असाल तर पेशी विभाजनाचं लेक्चर आधी बघा, मग टू-हिट आणि तिथून सरळ दुसऱ्या भागात जा, बाकीचं नंतर बघितलं तरी काही अडत नाही. आणि कोर्सवाल्यांना विनंती, साइड इफेक्टचं लेक्चर वाढवाल तर ते फ्री ठेवा, कारण त्याची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे ते लोक कोर्स घ्यायच्या मनःस्थितीत नसतात.