नोकरी बदलू की नको यासाठी घेतलेलं करिअर काउन्सेलिंग
नऊ वर्षं एकाच छोट्या ऑफिसात, माणसं घरच्यासारखी पण पगाराची तारीख कधीच पक्की नाही, आणि हातात पर्मनंट नोकरीची ऑफर, झोप उडाली होती म्हणून हे ऑनलाइन सेशन घेतलं. मॅडमनी आधी सल्ला दिलाच नाही, ऑफर लेटर उघडायला लावलं आणि एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली, पगारात फिक्स्ड किती, कामगिरीनुसार बदलणारा व्हेरिएबल किती, प्रोबेशन म्हणजे कायम करण्याआधीचा चाचणीचा काळ किती महिने, त्या काळात नोटीस पिरियड किती. सहा महिने प्रोबेशन, आणि तेवढ्या काळात पंधरा दिवसांच्या नोटिशीवर काढू शकतात, हे मी बघितलंच नव्हतं! नंतर आलेला रिपोर्ट मात्र कॉपी पेस्ट वाटला, त्याचे वेगळे पैसे घ्यायला नको होते. राजीनामा अजून दिला नाहीये, प्रोबेशननंतरच्या कन्फर्मेशनबद्दल नव्या कंपनीच्या एचआरला मेल टाकलाय, उत्तराची वाट बघतेय.