हाताने शिवराई पाडायचा ठशांचा संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी मी हाताने नाणी पाडायचा ठशांचा संच घेतला. शिवकालीन शिवराईचे ठसे, खालचा आणि वरचा. तेव्हापासून तो सतत वापरात आहे. सुट्टीच्या दिवशी गावच्या अंगणात, कधी एखाद्या शाळेत, आणि दिवाळीत किल्ला पाहायला येणाऱ्या पोरांसमोर. हा सगळा खटाटोप वाटणाऱ्यांसाठी आधीच सांगते: घ्या. फक्त वरच्या ठशाबद्दल पुढे लिहिलंय ते वाचून मग घ्या.

संचात काय येतं ते सांगते. खालचा ठसा जाड आणि बुटका आहे, त्याच्या बुडाला चौकोनी, निमुळतं शेपूट आहे. ते लाकडी ओंडक्यात ठोकून बसवायचं. त्यावर तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. वरचा ठसा म्हणजे वीतभराहून थोडा कमी लांबीचा पोलादी दांडा, तोंडावर दोन ओळींत ‘छत्र / पति’. शिवाय एक कोरा दांडा आणि तांब्याच्या काही गोल चकत्या. पोलाद ओ-1 जातीचं, तेलात पाणी देण्याचं, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक करण्याचं. मला साडेसात हजार पडले.

शिवराई माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच, तरी थोडं सांगायला हवं. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. मजकूर नागरीत आहे. हीच अक्षरं महाराजांच्या पश्चातही पिढ्यान्‌पिढ्या नाण्यांवर येत राहिली, त्यामुळे हातात आलेली एखादी शिवराई नेमकी कोणाच्या कारकिर्दीतली हे सांगणं जाणकारांनाही अवघड जातं. पेशवाईत तर सरकारात ठरलेली रक्कम भरून परवान्यावर चालणाऱ्या खासगी टांकसाळीही होत्या. वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळे ठसे कोरले, म्हणून कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’ दिसतं.

फ्लॅटमध्ये हे काम होत नाही, ते मनातून काढून टाका. आवाज आणि हादरा दोन्ही खूप. मी आजोळच्या अंगणात बाभळीचा ओंडका उभा पुरलाय, निम्मा जमिनीत, लाकडाच्या रेषा वरच्या दिशेने. पहिले काही आठवडे खालचा ठसा मस्त घट्ट बसला होता. मार्च-एप्रिलमध्ये लाकूड वाळून आक्रसलं आणि ठसा हलायला लागला. ठसा हलला की घणाचा निम्मा जोर वाया जातो. गावच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी लोखंडी पट्टी तापवून ओंडक्याच्या माथ्यावर चढवली, गार पाणी ओतलं, पट्टी आवळली. त्यानंतर पावसाळा आला तरी कुरकुर नाही. संचाच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही, ती असायला हवी होती.

चकत्यांवरून माझे विक्रेत्याशी मतभेदच आहेत. सोबत येणाऱ्या चकत्या पत्र्यातून यंत्राने कापलेल्या, 22 मिलिमीटर व्यासाच्या, 3 मिलिमीटर जाडीच्या. वजन दहा ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे वजनाला ठीक. पण त्या इतक्या गोल आणि सपाट असतात की पाडलेलं नाणं शाळेतल्या बक्षिसाच्या पदकासारखं दिसतं. खरी शिवराई जाड, गुबगुबीत असते. कडा वेड्यावाकड्या, कधी एका बाजूला चिरलेल्या. मी तांबट आळीतल्या ओळखीच्या काकांकडून 18 मिलिमीटर व्यासाची तांब्याची कांब आणली आणि तिचे 5 मिलिमीटर जाडीचे तुकडे करवतीने पाडले. एक तुकडा साधारण 11.4 ग्रॅम भरतो. बघण्यात येणाऱ्या शिवराया ढोबळमानाने 9 ते 13 ग्रॅमच्या असतात, त्यात हे अगदी मधोमध बसतं. घणाखाली तो तुकडा पसरतो, कडेला फुगतो, आणि हातात घेतल्यावर लगेच ओळखीचा वाटतो.

माहितीपत्रकात चकती लाल असतानाच ठोका असं लिहिलंय. ते मला पटत नाही. ठशाला पाणी दिल्यावर त्याला साधारण 200 अंशांवर उतरवलेलं असतं, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलकं तापवलेलं. लालबुंद तांबं पुन्हा पुन्हा तोंडावर टेकलं तर ठशाची धार मऊ पडणारच. मी तांबं तापवते, पण ठोकते गार करून. संध्याकाळच्या अंधुक उजेडात भट्टीत मंद लाल दिसलं की पाण्यात टाकायचं. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं, शिवाय वरची काळी खपली सुटते. मग चिंच आणि मीठ लावून घासलं की गुलाबी, स्वच्छ तांबं निघतं. चिंचेऐवजी लिंबूफुलाचं पाणीही चालतं.

आता मुख्य काम. याला दोन माणसं लागतात. अकबराच्या कारभाराची माहिती देणाऱ्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात मुघल टांकसाळीतल्या कामगारांची वर्णनं आहेत, तिथेही चकती ठशांमध्ये ठेवणारा वेगळा आणि घण मारणारा वेगळा. आमच्याकडे घण माझ्या मावसभावाकडे असतो, चार किलोचा. वरचा ठसा मी हाताने धरत नाही. लोहाराकडून करून घेतलेल्या लांब दांड्याच्या सांडशीने धरते. चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर टेकवायचा, तो काटकोनात उभा आहे ना हे दोन बाजूंनी वाकून बघायचं. “ताई, सोडतोय हं,” असं तो म्हणतो, मी “हं” म्हणते आणि घण खाली येतो. आवाजावरून कळतं. घाव नीट बसला तर बसका, भरीव आवाज. ठसा कलला असेल तर कर्कश आवाज येतो आणि सांडशीतून कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. कललेल्या घावाच्या नाण्यावर एका बाजूची अक्षरं खोल आणि समोरच्या बाजूला नुसता सपाट भाग. एका घावात जाड तांब्यावर पूर्ण उठाव येत नाही. दुसरा घाव घालायचा तर चकती तसूभरही सरकता कामा नये, नाहीतर ‘राजा’वर दुसरा ‘राजा’ उमटतो. आणि तोवर तांबं घणाने कडक झालेलं असतं.

हा संच मला इतका मोलाचा का वाटतो, ते इथे येतं. ठशाचं तोंड चकतीपेक्षा मोठं आहे. ठिपक्यांचं संपूर्ण वर्तुळ आणि पाचही अक्षरं एका नाण्यावर मावतच नाहीत. चकती जरा डावीकडे बसली की ‘श्री’ अर्धी जाते, उजवीकडे गेली की ‘जा’ कापला जातो. वर्षानुवर्षं मी संग्रहालयांच्या काचेआड, नाणेप्रेमींच्या पेट्यांमध्ये शिवराया बघत आले. ‘अक्षरं झिजलीत’ असं सरसकट म्हटलं जातं. त्यातली कितीतरी अक्षरं झिजलेली नाहीत, ती मुळात उमटलीच नव्हती. झिजलेल्या अक्षराचा माथा गोलसर आणि गुळगुळीत होतो; न उमटलेल्या जागी तांब्याचा मूळ खडबडीत पृष्ठभाग तसाच दिसतो. चिरलेली कडा बघितली की आता मला कळतं, तांबं पुरेसं मऊ केलं नव्हतं किंवा एकावर एक घाव पडले होते. ठशाच्या अक्षरांत तांब्याचा कीस अडकला तर पुढच्या नाण्यांवर त्या जागी अक्षर भरून गेल्यासारखं पुसट येतं. दर काही घावांनंतर पितळी ब्रशने ठसा साफ करावा लागतो तो त्यासाठीच. इतकं सगळं मला पुस्तकांतून मिळालं नव्हतं.

आता वरचा ठसा. त्याला संपूर्ण लांबीभर सारखंच पाणी दिलेलं होतं, म्हणजे घण पडतो तो माथाही तोंडाइतकाच कडक. तांबट काकांनी कांब देताना सहज म्हणून संच बघायला मागितला. माथ्यावरून कानस फिरवली, ती नुसती घसरली. म्हणाले, “बाई, तोंड कडक हवं, डोकं मऊ हवं. हे फुटणार.” आणि महिन्याभरात माथ्याच्या कडेची कपची उडाली. गॉगल आणि जाड कपडे होते म्हणून कोणाला लागलं नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्यांनी कुरबुर न करता दुसरा ठसा दिला, पण तोही तसाच. शेवटी लोहाराने त्याचा माथा भट्टीत निळा होईपर्यंत तापवून मऊ करून दिला, तोंडाला ओली चिंधी गुंडाळून. आता माथा छत्रीसारखा पसरतो, मी अधूनमधून कानशीने कडा उतरवते, आणि ते तसंच असायला हवं. माथ्याच्या मऊपणाबद्दल विचारल्याशिवाय कोणीही असा ठसा घेऊ नये. लहान मुलांसमोर प्रात्यक्षिक करणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

खालचा ठसा आजही जवळपास नवा आहे. वरच्याची ‘छत्र’ची उभी रेघ बोथट झालीय. घण थेट त्याच्यावर पडतो, आणि पाठीशी ओंडक्याचा आधार नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एका खालच्या ठशामागे दोन वरचे ठसे देण्याची पद्धत होती ती याच कारणाने. तिकडे यॉर्कला कॉपरगेटच्या उत्खननात दहाव्या शतकातले लोखंडी ठसे मिळाले आणि त्यांच्यासोबत शिशाच्या पट्ट्यांवर घेतलेले चाचणीचे छापही. मीही दर वेळी काम सुरू करताना कथलाच्या पट्टीवर एक छाप घेते. ठसा कुठे खराब होतोय ते तांबं वाया न घालवता दिसतं. शिसं मात्र मी वापरत नाही, विशेषतः पोरं आसपास असताना.

अक्षरांच्या कोरणीबद्दल. संचातले ठसे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेले आहेत. अक्षरांचा तळ सपाट, सगळीकडे एकच खोली, ठिपके मोजून मापून सारखे. दुरून छान दिसतं. भिंगाखाली खऱ्या शिवराईचं अक्षर आणि याचं अक्षर शेजारी ठेवलं की फरक जाणवतो. हाताने कोरणारा छिन्नीचा घाव घालत जातो, रेघ सुरुवातीला खोल आणि शेवटी निमुळती होते, ठिपके पोगराच्या, म्हणजे खिळ्यासारख्या पोलादी हत्याराच्या, टोकाने एकेक ठोकलेले असतात, मध्येच दोन जवळ येतात. त्यासाठी मी कोऱ्या दांड्यावर स्वतः ‘छत्र / पति’ कोरलं. बटर पेपरवर अक्षरं लिहायची, कागद उलटा करून ठशाच्या तोंडावर उतरवायची, म्हणजे सगळं आरशातलं. ‘त्र’ची तिरकी रेघ उलट्या बाजूला कोरताना हात अडतो, ‘ति’ची वेलांटी उजवीकडे जाते आणि डोळा सारखा ती चूक समजतो. कोरताना पोलाद मऊ असतं. कोरून झाल्यावर भट्टीत चेरीसारखं लाल करायचं. लोहचुंबक चिकटेनासं झालं की अजून जरासं तापवून तेलात सोडायचं. मग घासून पुन्हा हळूहळू तापवायचं, तोंडावर गवताचा फिकट पिवळा रंग चढला की थांबायचं. या ठशाने पाडलेली नाणी मला संचातल्या ठशापेक्षा कितीतरी जवळची वाटतात. कोरा दांडा देण्याची कल्पना ज्याची असेल त्याला मनापासून धन्यवाद.

मुलांसाठी कथलाच्या चकत्या पुरतात. कथील 232 अंशांवर वितळतं, घरच्या घरी ओतता येतं आणि इतकं मऊ असतं की साध्या हातोडीने स्वच्छ छाप उठतो. सहावी-सातवीतलं पोर स्वतः पाडलेलं नाणं मुठीत घेऊन जातं आणि वाटेत भेटेल त्याला ‘श्री राजा शिव’ वाचून दाखवतं, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. पाडलेल्या प्रत्येक नाण्याच्या कडेवर मी ‘प्र’ असं अक्षर ठोकते, प्रतिकृतीचं. जुनी दिसावीत म्हणून नाणी मातीत पुरून, रसायनं लावून काळी-हिरवी करून देण्याची मागणी येते. मी देत नाही. बाजारात खोट्या शिवराया आधीच भरपूर आहेत आणि त्यांनी नवशिक्या संग्राहकांचं फार नुकसान केलंय. पैशाला पैसा तर जातोच, पण चुकीच्या नाण्यावरून कोणी चुकीचा इतिहास लिहिला तर तो निस्तरायला पिढी जाते. संच विकणाऱ्यांनी असं खूण ठोकायचं पोगर सोबत द्यावं, अशी माझी सूचना आहे. आणखी एक: चकती म्हणून सध्याची चलनी नाणी घेऊन त्यांच्यावर ठसे मारू नका. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे चलनी नाणी वितळवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे.

घ्यायचा विचार असेल तर माझा सल्ला असा: तयार चकत्यांचे पैसे वाचवा, त्या पैशांत दुसरा वरचा ठसा आणि दोन कोरे दांडे मागा. माथा मऊ करून द्यायला सांगा. ओंडका बाभळीचा घ्या, पट्टी पहिल्याच दिवशी चढवून घ्या. घण मारायला विश्वासाचा माणूस हवा, तो संचात मिळत नाही. मी आता अर्ध्या शिवराईचा, म्हणजे निम्म्या किमतीच्या नाण्याचा, ठसा कोरायला घेतलाय आणि त्यानंतर दुदांडी शिवराईचा, अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती उत्तरकालीन जात. कोणाकडे दुदांडीचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो असतील तर जरूर द्या, वजनासकट.