स्पिन फिरत नाही: दुरुस्तीनंतरचे आठ महिने आणि ती ब्रेकची वायर

सात किलोचं साधं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, दोन टबवालं. स्पिन, म्हणजे कपडे पिळणारा टब, बंद पडला म्हणून मोटरला फिरायला जोर देणारा कंडेन्सर बदलला, त्याला आता आठ महिने झाले. तेव्हा मशीनला पाचपैकी चार तारे देऊन लिहिलं होतं, ‘शंभराच्या आत काम झालं, मशीन नव्यासारखं’. त्यातलं पहिलं खरं, दुसरं घाईचं. तीन महिन्यांनी स्पिन पुन्हा ‘घुं’ करून जागच्या जागी. या वेळी कंडेन्सर ठणठणीत होता. दोष ब्रेकच्या वायरचा निघाला, आणि पहिल्या वेळीही तिचा हात होताच असं आता वाटतं.

टायमर फिरवला आणि काहीच आवाज नाही, तर आधी मोटरकडे बघू नका. झाकणाचा स्विच, टायमर किंवा उंदराने कुरतडलेली वायर, बहुतेक या तिघांपैकी एक. स्विच मागच्या पट्टीखाली बिजागरीजवळ असतो. दोन पाती असतात, झाकण मिटलं की ती टेकतात. साबणाच्या ओलीने त्यांवर काळा थर बसतो. प्लग काढून झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने पुसून घ्या, वाकलेलं पातं चिमट्याने सरळ करा. नवा स्विच क्वचितच लागतो.

‘घुं’ येतं पण टब फिरत नाही, इथे मात्र भले भले फसतात. झाकण उघडून टब हाताने फिरवतात, जड लागला की ‘मोटर जाम’ म्हणून मोकळे. अहो, झाकण उघडं असताना ब्रेक लागलेलाच असतो, जड लागणारच! प्लग काढा, मागचं कव्हर खोला, झाकण मिटा आणि मोटरच्या वरचा ब्रेक ड्रम खालून हाताने फिरवा. सहज फिरला तर संशय कंडेन्सरवर. अडला तर ब्रेक, मोटर आणि टब जोडणारा गंजलेला शाफ्ट किंवा टबाखाली अडकलेला पायमोजा.

कंडेन्सरला हात लावण्याआधी, मशीनचा प्लग काढलेला असताना, त्याच्या टोकांना साध्या तारेच्या बल्बच्या दोन वायरी लावून तो रिकामा करा. स्पिनचा बहुतेक मशीनमध्ये ५ मायक्रोफॅरडच्या (कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) आसपास असतो, आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. मल्टिमीटरवर ५ च्या जागी ४.५ पेक्षा कमी दिसलं तर बदला. काही मशीनमध्ये वॉश आणि स्पिनचा मिळून एकच तीन वायरींचा डबा असतो. त्यात वायरींची अदलाबदल झाली किंवा कुणी ‘मोठा चालतो’ म्हणून १० चा लावला, तर मोटर फिरते खरी, पण तापून तापून तिच्या आतल्या तारांचं वाइंडिंग जळतं.

आता ती वायर. झाकण मिटलं की ती ब्रेकचा दांडा ओढते आणि ब्रेकचा शू, म्हणजे ड्रमला दाबून धरणारा तुकडा, ड्रमपासून सुटतो. दोन-तीन मिलिमीटर फट पडली पाहिजे. वायर सैल पडते, झाकणाकडचा प्लास्टिकचा आकडा (हूक) झिजतो, मग शू पूर्ण सुटत नाही, घासत राहतो. कपडे कमी असले तर टब कसाबसा फिरतो. ओली जीन्स, चादर टाकली की ‘घुं’. म्हणजे दोष कंडेन्सरचाच वाटावा अशी हुबेहूब लक्षणं. नव्या कंडेन्सरच्या जोरावर तीन महिने टब घासत घासत फिरला, इतकंच. ड्रमवर काळी भुकटी दिसली तर दुसरीकडे शोधूच नका. दांड्याच्या पट्टीला दोन-तीन भोकं असतील तर वायर एक भोक पुढे अडकवा. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. पण जास्त ताणू नका, नाहीतर ब्रेक लागणारच नाही. झाकण उघडल्यावर टब दहाएक सेकंदांत थांबला पाहिजे. फिरत्या टबात हात गेला तर कपड्याबरोबर बोटंही ओढली जातात.

या दोन मिनिटांच्या कामासाठी कारागीर सरळ नवी मोटर सुचवतात, याचा राग जात नाही. मोटर खरंच गेली का, हे बघणं सोपं आहे. तिच्या तीन वायरींचा दोन-दोन करून रेझिस्टन्स मोजा. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी यायला हवी. एखादी जोडी उघडी, म्हणजे आतून तुटलेली, दाखवली, किंवा वायर आणि मोटरच्या बॉडीमध्ये जोड (कंटिन्युइटी) मिळाला, तरच मोटर बदला.

मोटरवर तांबूस ओघळ दिसले तर वरचं स्पिनचं रबरी सील गळतंय. ते न बदलता नवी मोटर बसवली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीही गंजेल. बोअरच्या जड पाण्यात सील लवकर कडक होतं. ड्रेन पाइप उंच ठेवला असेल तर तोही खाली करा. बाहेरच्या टबात पाणी साचलं की आतला टब पाण्यातच फिरतो आणि वेग घेत नाही.

तेव्हाचे चार तारे आता तीन. उरलेले दोन त्या प्लास्टिकच्या आकड्याने खाल्ले. तो सुटा मिळत नाही, दुकानदार म्हणतो अख्खं झाकण घ्या. तूर्तास तिथे तांब्याच्या तारेचा वेढा आहे आणि मशीन परवाच दोन चादरी पिळून मोकळं झालं.