अर्ज गोव्यात करावा की विलायतेत?

लग्नाच्या दोन्ही सह्या डिचोलीच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे झालेल्या, संसार इंग्लंडमधल्या स्विंडनला, आणि आता एकत्र राहणं अशक्य झालेलं. पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेला गेलेल्या जोडप्यांवर ही वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: घटस्फोटाचा अर्ज कुठे करायचा? आणि सल्लाही ठरलेला: लवकर होईल तिथे. मला हा सल्ला पटत नाही. हुकूम किती लवकर हातात पडतो याआधी तो उद्या कुठल्या टेबलावर चालवून घ्यायचा आहे, ते बघा. गोव्यातलं रजिस्ट्रारचं टेबल, इंग्लंडमधलं, आणि पासपोर्ट पोर्तुगीज असेल तर लिस्बनचंही.

नुसता वेळ मोजायचा तर इंग्लंड केव्हाही पुढे. 6 एप्रिल 2022 पासून तिथे घटस्फोटाला कारण द्यावं लागत नाही. लग्नाला एक वर्ष झालेलं असावं आणि तिथलं वास्तव्य दाखवता यावं, एवढं पुरतं. अर्ज ऑनलाइन होतो, एकट्याने किंवा दोघांनी मिळून. त्यानंतर सशर्त हुकमासाठी किमान 20 आठवडे, आणि तिथून अंतिम हुकमासाठी आणखी 6 आठवडे. समोरचा ‘मला नको’ म्हणाला म्हणून गाडं अडत नाही.

गोव्यात मात्र अजून 1910 चा पोर्तुगीज घटस्फोट कायदा चालतो. हिंदू विवाह कायदा इथे लागूच नाही, त्यामुळे सावंतवाडीच्या मावसबहिणीचं सहा महिन्यांत कसं उरकलं, ते इथे ऐकून उपयोग नाही. संमतीने वेगळं व्हायचं तर लग्नाला दोन वर्षांहून जास्त झालेली हवीत आणि दोघांनी पंचवीस पुरी केलेली हवीत. तेवढ्यावरही आधी तात्पुरता हुकूम मिळतो, कायमचा त्यानंतर वर्षाने. संमती नसेल तर कारण सिद्ध करा: व्यभिचार, मारहाण किंवा गंभीर अपमान, तीन वर्षं घर टाकून जाणं, अशी कायद्यातली ठरावीक यादी आहे. नवरा-बायको तिकडे, साक्षीदार इकडे, आणि तारखा पडत राहणार. भांडणाचा खटला स्विंडनमध्ये बसून गोव्यात चालवण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

मग गोव्याचा विचार करायचाच कशाला? जमिनीसाठी.

लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, आणि बहुतेकांनी तो केलेला नसतो, तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाने आलेलं, बहुतेक सगळं त्यात येतं आणि अर्धा वाटा प्रत्येकाचा. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर किंवा जमीन विकता येत नाही. ही वाटणी इथल्या न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी, करून होते. इंग्लंडचा न्यायाधीश पैशांची वाटणी करताना पेडण्याचं घर हिशेबात धरू शकतो, पण त्याच्या कागदाने एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या, उताऱ्यावरचं नाव हलत नाही. म्हणजे मोठी मिळकत गोव्यात असेल आणि दोघांचं निदान ‘वेगळं व्हायचं’ एवढ्यावर एकमत असेल, तर ते एक वर्ष थांबणं परवडतं. इथला रीतसर हुकूम इंग्लंडमध्ये सहसा मानला जातो. तिथल्या पैशांसाठी नंतर तिथल्या न्यायालयाची परवानगी घेऊन दावाही करता येतो, मात्र दुसरं लग्न करायच्या आधी. ही अट फार जणांना ठाऊक नसते.

उलट्या दिशेने रस्ता इतका सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये नरसिंह राव खटल्यात सांगून ठेवलं आहे की, लग्न ज्या कायद्याखाली झालं त्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर दिलेला परदेशी हुकूमच इथे चालेल. अपवाद आहेत. समोरच्याने स्वतःहून तिथे हजर राहून खटला लढवला असेल किंवा संमती दिली असेल, तर गोष्ट वेगळी. ‘कारण नाही’ हे कारण गोव्याच्या कायद्यात नाही. त्यामुळे एकट्याने अर्ज केला आणि दुसऱ्याने नोटिशीकडे पाहिलंच नाही, तर तिथे तुम्ही मोकळे आणि इथे विवाहित. विलायतेतच करायचं ठरलं तर शक्यतो दोघांनी मिळून अर्ज करा. भांडण असलं तरी एवढ्यापुरतं पटवून घ्या. गोव्यातला रजिस्ट्रार परदेशी हुकूम बघून लग्नाच्या नोंदीवर लगेच घटस्फोटाचा शेरा मारत नाही, आधी न्यायालयाची मान्यता लागते. संमतीचा कागद असला की ती मागणं सोपं जातं.

लिस्बनच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिथला नवा हुकूमही पोर्तुगालच्या वरिष्ठ न्यायालयातून मान्य करून घ्यावा लागतो, गोव्याचा तर लागतोच.

बायको भारतीय पासपोर्टवर, नवऱ्याच्या नात्याने तिथे राहत असेल आणि तिला अजून कायम वास्तव्य मिळालेलं नसेल, तर सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. घटस्फोटानंतर राहण्याचा हक्क टिकवायचा तर अर्ज दाखल होईपर्यंत लग्नाला किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्यातलं निदान एक वर्ष दोघं ब्रिटनमध्ये राहिलेले असावेत. गोव्याचा कायदा दोन वर्षांवर संमतीचं दार उघडतो, म्हणून घाईने इथे अर्ज टाकलात तर हुकूम मिळेल, पण तिकडचा हक्क जाऊ शकतो. घरात मारहाण होत असेल तर तीन वर्षांची अट आड येत नाही. अशा वेळी गोवा, लिस्बन, जमीन सगळं बाजूला ठेवून आधी तिथल्या पोलिसांकडे आणि वकिलाकडे जावं.

तिथे शेजारी एखादं अफगाण किंवा सीरियन कुटुंब असेल तर ते म्हणेल, इथेच कर, मागे कशाला बघतेस. त्यांच्यासाठी ते खरंच आहे. 1951 च्या निर्वासित कराराप्रमाणे शरणार्थ्याच्या लग्नासारख्या वैयक्तिक बाबींना तो जिथे स्थायिक आहे त्या देशाचा कायदा लागतो, आणि तिथलं न्यायालय त्याला खुलं असतं. विवाहाचा दाखला मागायला स्वतःच्या वकिलातीत जाणं मात्र त्याला धोक्याचं. ज्या सरकारापासून पळून आला त्याचंच संरक्षण पुन्हा घेतलं, असा अर्थ निघाला तर आश्रय जाऊ शकतो. म्हणून हरवलेल्या कागदाच्या जागी कागद द्यायची जबाबदारी करार आश्रय देणाऱ्या देशावर टाकतो. तुम्हाला ती अडचण नाही. भारतीय उच्चायुक्तालय आहे, पणजीत पोर्तुगीज कॉन्सुलेट आहे, आणि लग्नाच्या नोंदीची नक्कल कोणी भाऊ-बहीण रजिस्ट्रारकडून काढून पाठवू शकते. अर्ज कुठेही करा, ती नक्कल आणि जमिनीचे उतारे वाद चिघळायच्या आत हातात घेऊन ठेवा.