कॉम्प्युटर सायन्सच्या पाच सेमिस्टर: काय टिकलं, काय शिळं झालं

प्रवेश घेताना एकच धास्ती होती: पदवी हातात पडेपर्यंत शिकलेलं सगळं जुनं झालं तर? अडीच वर्षांनी सांगतो, काही गोष्टी झाल्याच. पण नेमक्या उलट्या.

सगळ्यात आधी शिळा झाला तो वेब डेव्हलपमेंटचा पेपर, ज्याची मी सर्वांत जास्त वाट बघत होतो. पुढच्याच सेमिस्टरला प्रोजेक्टला बसलो तोवर फ्रेमवर्कची (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याची) नवी आवृत्ती आलेली, वहीतला निम्मा कोड चालेना.

ऑपरेटिंग सिस्टीमकडून मात्र काहीच अपेक्षा नव्हती. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची सुरुवात 1969 ची, हे ऐकूनच जांभई आली होती. मग ते प्रॅक्टिकल झालं. दोन थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी दोन कामं), एकच काउंटर, प्रत्येकाने तो 10 लाख वेळा एकाने वाढवायचा. उत्तर 20 लाख यायला हवं. आलं त्याहून बरंच कमी. पुन्हा चालवलं, वेगळाच आकडा. कोडमध्ये चूक दिसेना. दिसायला एकच ओळ, पण प्रोसेसरसाठी ती तीन कामं: किंमत वाचा, एक मिळवा, परत लिहा. मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने जुनीच किंमत उचलली की एक वाढ गायब. लॉक लावला, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड काउंटरला हात लावणार, आणि दरवेळी बरोबर 20 लाख. वेळ मात्र जास्त लागला, तोही धडाच.

सहा महिन्यांनी आमच्या तिकीट बुकिंगच्या प्रोजेक्टमध्ये एक सीट दोघांना गेली. तो भाग आम्ही एआयकडून लिहून घेतला होता, वाचायला अगदी स्वच्छ. आधी सीट रिकामी आहे का बघायचं, मग बुक करायची. या दोन पायऱ्यांमधली फट बघताक्षणी मला तो काउंटर आठवला. शो आणि सीट या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिकची अट घातली, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवताच येणार नाही, प्रश्न मिटला. त्या डेटाबेसमागचं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची कल्पना, संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने 1970 मध्ये मांडलेलं!

तक्रारी आहेत. कागदावर प्रोग्राम लिहायची परीक्षा मला आजही पटत नाही. एररशी झुंजणं हेच तर या विषयाचं निम्मं शिक्षण. डीबगर, म्हणजे कोडमधली चूक शोधायचं साधन, कुणी शिकवला नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट एकमेकांना विचारत शिकलो.

सहाव्या सेमिस्टरसाठी इलेक्टिव्ह निवडायचंय. यादीत सध्या चलतीत असलेले दोन विषय आहेत, आणि शेवटी कंपायलर डिझाइन, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम कसा बनवायचा ते. मी कंपायलरचा फॉर्म भरलाय.